नव्वद दिवसांची मुदत

नवी आवृत्ती चढवायची म्हणजे फाइल उतरवायची, बटण दाबायचं आणि वाट पाहायची, एवढीच माझी समज होती. भंडाऱ्यात संगणक शिकले, नागपूरच्या एका कंपनीत लागले आणि घरूनच काम करायची मुभा मिळाली. सुरुवातीला तिकिटं बंद करायची, रात्रीचा बॅकअप झाला का ते पाहायचं, इतकंच काम. मग एका वित्तसंस्थेचं खासगी क्लाउड अपग्रेड करणाऱ्या टीममध्ये माझं नाव आलं.

खासगी क्लाउड म्हणजे संस्थेने आपल्याच सर्व्हरवर, फक्त आपल्यासाठी उभारलेलं क्लाउड. या संस्थेचे सर्व्हर नवी मुंबईत आणि त्यांवर व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशनची 4.5 आवृत्ती. ती 5.2 वर न्यायची होती. घाईचं कारण साधं होतं. तिच्या पोटातल्या व्हीस्फिअर 7 चा सर्वसाधारण सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद. त्याने एवढं काय बिघडतं, हे मला टीमच्या सरांनी सांगितलेल्या एका घटनेतून कळलं. फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने व्हीएमवेअर चालवणारे जगभरातले हजारो सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, तिची दुरुस्ती फेब्रुवारी 2021 पासून उपलब्ध होती. दोन वर्षं ती चढवायची राहून गेलेले सर्व्हर त्यात सापडले. हे ऐकल्यावर शनिवारची रात्र कामात जाण्याबद्दल माझी तक्रार उरली नाही.

पहिला गोंधळ झाला तो क्रमाचा. आधी सगळ्याचा कारभार पाहणारा एसडीडीसी मॅनेजर, मग नेटवर्क सांभाळणारं एनएसएक्स, मग सर्व्हरांवर देखरेख करणारं व्हीसेंटर, मग एकेक ईएसएक्सआय सर्व्हर. हा क्रम मोडता येत नाही. मला वाटायचं, सगळ्यात खालचा, खरा लोखंडी सर्व्हर आधी नवा करावा. पण वरचा जो कारभारी आहे त्याला खालच्याची नवी भाषा आधी समजली पाहिजे. आमच्या भागातल्या मालगुजारी तलावांत वरच्या तलावाचं पाणी खालच्यात उतरतं, म्हणून वरची पाळ आधी पाहतात. तसं डोक्यात बसवलं तेव्हा तो क्रम पाठ झाला.

ठरलेल्या रात्री मात्र अपग्रेड सुरूच होईना. आधीच्या तपासणीत, म्हणजे प्रीचेकमध्ये, एनएसएक्सच्या तिन्ही मॅनेजरांसमोर लाल खुणा. जागा आहे, बॅकअप आहे, नेटवर्क आहे, फक्त पासवर्ड जुळत नाही. एनएसएक्सच्या ॲडमिन खात्याच्या पासवर्डची मुदत मुळात नव्वद दिवसांची असते. मधल्या काळात ती संपली होती आणि टीममधल्या कुणीतरी घाईत थेट एनएसएक्समध्ये जाऊन नवा पासवर्ड टाकला होता. एसडीडीसी मॅनेजर सगळे पासवर्ड आपल्या तिजोरीत ठेवतो; तिथे जुनाच राहिला. नवा पासवर्ड ज्याला माहीत होता तो माणूस एव्हाना नोकरी बदलून पुण्याला गेलेला.

सरांनी त्याला रात्री फोन लावला. बिचारा झोपेतून उठला, आणि एकेक अक्षर सांगू लागला: कॅपिटल एम, मग ॲट, मग शून्य, ओ नव्हे. मी लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, तो हो म्हणाला. टाकला, तर नामंजूर. परत पाहिलं, अक्षर न् अक्षर बरोबर. माझे हात थरथरायला लागले.

‘थांब,’ सर म्हणाले, ‘आता कुणीच लॉगिन करायचं नाही. पंधरा मिनिटं हात लावू नको.’

पासवर्ड बरोबर होता, खातंच बंद झालं होतं. सलग पाच चुकीचे प्रयत्न झाले की एनएसएक्स ते खातं पंधरा मिनिटं अडवून ठेवतं, आणि ते चुकीचे प्रयत्न माणसाने केलेले नव्हते. एसडीडीसी मॅनेजर आपल्या तिजोरीतला जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावत होता. ती पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत काढली. बाबा जिन्यावरून डोकावले, ‘इतक्या राती काहून जागून रायली?’ त्यांना काय सांगणार होते?

वेळ सरल्यावर सरांनी माझ्या स्क्रीनवरच समजावलं. पासवर्डसाठी तिथे तीन वेगवेगळी कामं आहेत आणि मी ती एकच समजत होते. रोटेट म्हणजे यंत्राने स्वतः नवा पासवर्ड तयार करून दोन्हीकडे बसवणं. अपडेट म्हणजे आपण ठरवलेला पासवर्ड बसवणं. रेमेडिएट वेगळं आहे: बाहेर कुणी पासवर्ड आधीच बदलला असेल तर तो तिजोरीला कळवणं. आम्हाला हेच हवं होतं. आधी अर्धवट अडकलेलं पासवर्डचं काम रद्द केलं, कारण ते तसंच असेल तर दुसरं सुरू होत नाही. मग रेमेडिएट. लाल खुणा एकेक करून हिरव्या झाल्या. लगेच रोटेटही केलं, कारण जो पासवर्ड फोनवर मोठ्याने सांगितला गेला तो तसाच ठेवणं मला पटेना.

पुढचं काम तुलनेने सरळ गेलं. सर्व्हर नवा करण्याआधी त्यावरची मशीनं हलवून तो रिकामा करावा लागतो, पण चारांपैकी एक रिकामा होईना. एका व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हला त्याच सर्व्हरवरची आयएसओ फाइल जोडलेली राहिली होती. ती सोडवली तशी मशीन दुसरीकडे सरकली. पहाटे आमच्याकडे वीज गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालला, काम तिकडे आपलं चालूच होतं.

मला त्या रात्री एक गोष्ट पटली आणि ती मी टीममध्ये वारंवार बोलते: अपग्रेडची तयारी म्हणजे नव्वद टक्के खात्यांची तयारी. व्हीसेंटरच्या रूट खात्याची मुदतही मुळात नव्वदच दिवसांची. सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा एसडीडीसी मॅनेजर स्वतःच्या रूट आणि व्हीसीएफ या खात्यांचे पासवर्ड बदलत नाही. ते आपणच, हाताने बदलायचे. बॅकअप ज्या सांकेतिक वाक्याने बंद केलेला असतो ते हरवलं, तर बॅकअप असून नसल्यासारखा. या गोष्टी बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या डोक्यात असून चालत नाहीत.

आता जून 2025 मध्ये आलेल्या 9.0 वर जायची चर्चा चालू आहे. तिथे पासवर्डचा कारभार एसडीडीसी मॅनेजरकडून व्हीसीएफ ऑपरेशन्सकडे गेलाय, म्हणजे मला हे सगळं पुन्हा शिकायचंय. पहिल्याच बैठकीत मी खात्यांचा तक्ता मागितला: खातं कुठलं, मुदत कधी संपते, कुणाकडे आहे. शेवटच्या रकान्यात अजून काही जागा रिकाम्या आहेत. त्या भरल्याशिवाय अपग्रेडची तारीख ठरवू नये, असं मी लेखी कळवलंय.