आधी मीटर लावा, मग बोला

मोटारदुरुस्ती हा काही आमचा विषय नव्हे. आम्ही कचेरीत कारकून, शिक्षण बी.कॉम. जमाखर्चाची वही आणि वस्तीतली चळवळीची कामे, एवढीच आमची दुनिया. तरीही आज गाडीच्या वायरिंगवर लिहायला बसलो आहोत, कारण त्या वायरिंगने आम्हाला आमचीच एक चूक दाखवून दिली. चूक चारचौघांत झाली होती, म्हणून तिची कबुलीही चारचौघांतच द्यावी असे वाटते.

आमच्या वस्तीत एका सुनेला मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि गावात एकही जीप मिळेना, तेव्हा चार घरांनी मिळून गाडी घेण्याचे ठरवले. कोणी भिशी मोडली, कोणी ऊसतोडीच्या उचलीतून बाजूला काढले, आम्ही सोसायटीचे कर्ज उचलले. पुण्याकडची एमएच-१२ पासिंगची, २०१३ सालची डिझेल गाडी मिळाली. दिसायला जीपसारखी उंच, पण खाली सांगाडा मोटारीचा. क्रॉसओव्हर म्हणतात ती जात. २०१२-१३ पासून अशा गाड्या आपल्याकडे भराभर आल्या आणि आता दहा-बारा वर्षांनी त्या आपल्यासारख्यांच्या आवाक्यात उतरल्या आहेत. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, दोष कंपनीचा नव्हता. नियम ठरवला, दवाखाना आणि धम्मकार्य यासाठीच गाडी निघेल, भाडे घ्यायचे नाही, डिझेल ज्याचे त्याने टाकायचे. काचेवर आत पंचशील ध्वज लावला. लेकरांनी गाडीला हार घातला.

घेताना आम्ही रंग पाहिला, टायर पाहिले, एसी लावून पाहिला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, चेसिस नंबर ताडून पाहिला. कागदाच्या बाबतीत कारकुनाला कोण फसवणार? पण बॉनेटखालचा फ्यूजचा डबा उघडून पाहावा, हे काही सुचले नाही.

पहिला महिना बरा गेला. मग एकेक दुखणे सुरू झाले. चार दिवस गाडी उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. हॉर्न दाबला की दिवे मंद व्हायचे. इंडिकेटर लावला की मीटरमधला काटा थरथरायचा. काच अर्ध्यात अडकायची. एकदा तर दारांची कुलुपे आपोआप लागली आणि किल्ली आत राहिली. आम्ही प्रत्येक दुखण्याला वेगळा मेस्त्री गाठला. एकाने बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्याने आल्टरनेटर खोलून नवे ब्रश टाकले. तिसऱ्याने काचेची मोटर बदलली. चौथ्याने पैसे घेऊन सांगितले, ‘गाडीला नजर लागलीय, पुढं लिंबू-मिरची बांधा.’ त्याच दिवशी कोणीतरी ती बांधलीही. आबांनी पाहिले आणि काठीने तोडून टाकली. म्हणाले, ‘आत पंचशील ध्वज अन् बाहेर लिंबू? बाबासाहेबांनी १९५६ साली कशातून बाहेर काढलं आपल्याला?’ आम्ही सारे मान खाली घालून उभे राहिलो. तोवर गाडीवर एकोणीस हजार रुपये खर्च झाले होते आणि दुखणे जागच्या जागी होते.

अशात जानेवारी आला. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. १९७८ साली विधिमंडळात ठराव झाल्यापासून सोळा वर्षे समाजाने त्यासाठी घरे जळताना पाहिली, माणसे गमावली. तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीला आमच्याकडची माणसे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी नतमस्तक व्हायला जातात. यंदा आपल्या स्वतःच्या गाडीने जायचे, असा सर्वांचा हट्ट होता. वस्तीतला एक मुलगा आयटीआय करून वायरमन झालेला आहे. त्याने आदल्या संध्याकाळी भीमगीतांसाठी गाडीत ॲम्प्लिफायर बसवून दिला. पैसे घेतले नाहीत.

पहाटे चारला निघालो. आत आबा, दोन बाया, तीन लेकरे, तो मुलगा आणि आम्ही. पाडळसिंगी मागे पडले, गेवराईच्या अलीकडे गाडीतले गाणे एकदम चिरकले आणि पुढचे दोन्ही दिवे गेले. इंजिन चालू, वेग साठचा, समोर काळाकुट्ट रस्ता. कारखान्यांचा हंगाम असल्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात चालले होते, कित्येकांना मागे दिवा नाही की चमकपट्टी नाही. चालवणाऱ्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगखालून धूर निघू लागला, जळक्या रबराचा वास सुटला. लेकरांना उचलून बाहेर काढले. त्या मुलाने धावत जाऊन बॉनेट उघडले आणि बॅटरीची मायनसची तार उपसली, तेव्हा धूर थांबला.

आणि आम्ही काय केले? ज्याने धूर थांबवला त्याच्यावरच तुटून पडलो. ‘तुझ्या त्या डबड्यापायी आज नऊ जीव गेले असते! नीट येत नाही तर हात कशाला लावतोस?’ लेकरांसमोर, बायांसमोर, आबांसमोर. तो एवढेच म्हणाला, ‘काका, माझी जोडणी वेगळी आहे, तिला स्वतंत्र फ्यूज आहे.’ आम्ही ऐकून घेतले नाही. उजाडल्यावर बाकीचे एसटीने पुढे गेले. तो रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिला आणि बीडकडच्या गाडीत एकटा बसून परत गेला. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी आम्ही हात जोडले खरे, पण मनात रागच होता.

गाडी ओढून बीडला आणली. कोणीतरी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे नाव सुचवले, त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी आधी काहीही बदलले नाही. त्यांनी मीटर काढला. आम्ही शेजारी स्टुलावर बसून होतो. ते एकेक आकडा सांगत गेले आणि आम्ही सवयीने पाकिटाच्या पाठीवर लिहीत गेलो.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट. भरलेल्या चांगल्या बॅटरीला एवढे असतेच. इंजिन सुरू केल्यावर १४.१ व्होल्ट, म्हणजे आल्टरनेटर ठीक. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावून त्यांनी स्टार्टर मारायला सांगितला. येथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला दीड व्होल्ट. चाचा हसले. ‘साहेब, तुमची बॅटरी गुन्हेगार नव्हती. अर्थिंग गेलंय.’

मोटारीत प्रत्येक दिव्याला, मोटरला प्लसची तार वेगळी जाते. पण परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते, म्हणून इंजिन, सांगाडा आणि बॅटरी यांना जोडणारी एक जाड विणलेली पट्टी लागते. आमच्या गाडीत ती पट्टी आतून हिरवी पडून सडली होती आणि जुन्या अपघाताच्या दुरुस्तीत तिच्या बोल्टखाली रंग मारलेला होता. रंगातून वीज नीट जात नाही. परतीची वाट अडली की वीज मिळेल त्या बारीक वाटेने परतू पाहते. म्हणून हॉर्न वाजवला की दिवा मंद, इंडिकेटर लावला की काटा थरथरणार. इतक्या वेगवेगळ्या दुखण्यांमागे एकच पट्टी होती.

मग त्यांनी गाडी पूर्ण बंद करून किती वीज झिरपते ते मोजले. घड्याळ आणि किल्लीची यंत्रणा मिळून फार तर ०.०५ ॲम्पिअर जावी. आमची जात होती ०.४. आम्ही तिथेच हिशेब मांडला, ०.४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास. बॅटरी साठची. म्हणजे सहा दिवसांत खाते कोरडे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्टार्टर कण्हणार. बॅटरी हे खाते, आल्टरनेटर ही जमा; कोणीतरी रोज गुपचूप काढून नेत असेल तर पासबुक बदलून काय उपयोग? चाचांनी एकेक फ्यूज काढत तो चोर पकडला. पहिल्या मालकाने बसवलेला चोरीविरोधी अलार्म होता. त्याचा रिले चिकटून कायम चालू राहिला होता, आणि दारांच्या कुलुपांचा खेळही त्याचाच.

शेवटी धूर. चाचांनी फ्यूजचा डबा उघडून आमच्यासमोर धरला. दिव्यांच्या फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार पिळून घातली होती. पुढच्या दिव्यांत ६०/५५ वॅटचे बल्ब असायला हवे होते, तेथे १००/९० वॅटचे होते. साठचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा ॲम्पिअर घेतात, शंभरचे दोन सोळा-सतरा. रिले न टाकता एवढा भार कंपनीच्या बारीक तारेवर टाकला, म्हणून फ्यूज उडत राहिले असणार, आणि कोणीतरी फ्यूजच काढून टाकला. फ्यूज हा पहारेकरी. तो ओरडतो म्हणून त्याचेच तोंड बांधले. पुढे स्टिअरिंगखालची जोडणी तापत तापत वितळली. पहाटे जे घडले ते गाडी आमच्याकडे येण्याआधीच ठरलेले होते.

‘आणि हे ॲम्प्लिफायरचं काम?’ आम्ही चाचरत विचारले. चाचांनी ती तार बोटाने चाचपून पाहिली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर स्वतंत्र फ्यूज, तारेवर नळी, पत्र्यातून जाते तेथे रबराची कडी. म्हणाले, ‘या गाडीत एवढं एकच काम नीट झालंय. कोणी केलं? पाठवा माझ्याकडं.’

त्या क्षणी पोटात जे झाले ते आम्हालाच ठाऊक. पट्टी, फ्यूज, बल्ब, जळलेली जोडणी आणि मजुरी मिळून बिल तीन हजारांच्या आत आले. पण आमच्या तोंडून गेलेल्या शब्दांचे बिल अजून बाकी होते.

वाचकहो, गावात काही हरवले, काही जळले, विहिरीचे पाणी बिघडले, तर आधी कोणाच्या दारात येत असत? आपल्या. पुरावा कोणी मागत नसे. हे आम्ही सभांतून किती वेळा सांगितले असेल! आणि वेळ आली तेव्हा आम्हीही जवळचा, तरुण, गरीब मुलगा पाहिला आणि त्याच्यावर खापर फोडून मोकळे झालो. लिंबू-मिरची बांधणारा मेस्त्री आणि आम्ही, फरक काय राहिला? त्याने न पाहता नजरेला दोष दिला, आम्ही न पाहता माणसाला. भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही, तेव्हा कारण शोधा. सम्यक वाचाही शिकवली. आम्ही रविवारी वंदनेला दोन्ही म्हणतो, आणि एका अंधाऱ्या पहाटे दोन्ही विसरलो.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही उभे राहिलो. चाचांनी सांगितलेले आकडे पाकिटावरून वाचून दाखवले आणि सर्वांसमोर त्या मुलाची माफी मागितली. तो लगेच विरघळला नाही, आणि आम्ही तशी अपेक्षाही ठेवली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘काका, तुम्ही मला शिव्या दिल्या त्याचं एवढं नाही. माझ्या कामाला नावं ठेवली.’ मग म्हणाला, ‘गाडीच्या पैशातून एक मीटर घ्या. मी दर महिन्याला तपासत जाईन. पण कोणी मध्ये बोलायचं नाही.’ मीटर घेतला. आता तो रविवारी चाचांकडे कामही शिकायला जातो.

तरुणांना एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा देशाच्या विजेच्या नियोजनाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा पान्हा आणि टेस्टर हातात घेणाऱ्या आपल्या पोराने स्वतःला कमी लेखू नये, आणि आपण मोठ्यांनी तर मुळीच लेखू नये.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे किंवा येणार आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. घेण्याआधी फ्यूजचा डबा उघडून पाहावा. तार पिळलेली दिसली तर सावध व्हावे. गाडी चार दिवस उभी असल्यावरच सुरू करून पाहावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी आली तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावी. तार काढताना मायनस आधी काढावी, लावताना शेवटी लावावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर झिजते आणि तिचे दुखणे हिवाळ्याच्या सकाळी कळते; तीन-चार वर्षे झाली की मीटर लावून पाहावे. पावसाळ्यात उंदीर तारा कुरतडतात, बॉनेट उघडून बघावे. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा बसवावा. पुन्हा उडाला तर तो का उडतो ते शोधावे, मोठा फ्यूज घालून त्याला गप्प करू नये.

गेल्या महिन्यात त्या सुनेच्या धाकट्या जावेला रात्री अडीचला कळा आल्या. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. चालवायला तोच मुलगा होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

जयभीम!