आजोबांचा कोट

छायाचित्र मोठे करून घेणे ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे आमचे परवापरवापर्यंतचे मत होते. दुकानात चित्र द्यावे, आकार सांगावा, चार दिवसांनी चौकटीसह घरी आणावे. एवढाच काय तो व्यवहार! परंतु मातोश्रींच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने या क्षुल्लक व्यवहाराने आमच्या सावेडीच्या घरात जो कलह माजवला, तो वाटणीच्या वेळीही माजला नव्हता.

मातोश्रींचे बरे म्हणावे असे छायाचित्र एकच होते. त्या जाण्यापूर्वीच्या दिवाळीत आमच्या कन्येने ते आपल्या मोबाइलवर काढले, त्यावर 'फिल्टर' नामक संस्कार केला आणि व्हॉट्सॲपवरून समस्त गोत्रात वाटले. आमच्या अक्कांचा आग्रह असा की, हेच चित्र बैठकीत आजोबांच्या तसबिरीशेजारी तिच्याच मापाचे, म्हणजे १२ इंच रुंद व १६ इंच उंच, लागले पाहिजे. आम्ही ते घेऊन कापडबाजाराजवळच्या एका छायाचित्रकाराकडे गेलो. त्याने एक दृष्टिक्षेप टाकला व म्हटले, "सर, फाटेल." जाड कागद वापरावा, असा सल्ला आम्ही त्यास तत्काळ दिला! तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवल्याने येणारे शहाणपण हे असे असते.

फाटणार होते ते चित्र, कागद नव्हे. त्याने केलेला हिशेब सोपा होता. आम्हांस लाभलेले चित्र प्रवासात आक्रसून १६०० बिंदू उंच व १२०० बिंदू रुंद उरले होते. हातात धरून पाहावयाच्या छपाईस इंचास ३०० बिंदू लागतात. भिंतीवर, चार हातांवरून पाहावयाचे तर दीडशे-दोनशेंवर भागते. आमच्या चित्राच्या वाट्यास १६ इंचांत इंचास अवघे १०० येत होते. आणि संख्येपेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे तो फिल्टर. चेहरा नितळ करावयाचा म्हणजे प्रत्येक बिंदूची त्याच्या शेजाऱ्यांशी सरासरी काढावयाची. सुरकुती ही बारीक व गडद रेषा. सरासरीत प्रथम बळी तिचाच जातो. लहान पडद्यावर हे खपून जाते. मोठे केले की गालांच्या जागी मेण दिसू लागते.

कन्या म्हणाली, "बाबा, त्याला एआय आहे की!" खरोखरच त्या विद्येने घटकाभरात चारपट मोठे, लखलखीत चित्र काढून दिले. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा! परंतु मातोश्रींच्या पापण्या इतक्या दाट कधी नव्हत्या. या यंत्रास लक्षावधी चेहऱ्यांचा अभ्यास असतो; हरवलेला तपशील ते शोधून आणीत नाही, तो कसा असावा याचा तर्क करते. दगडी भिंतीच्या वा झाडाच्या चित्रात असा तर्क चालेल. येथे कोणा भलत्याच वृद्धेच्या पापण्या आमच्या आईस लावल्या गेल्या होत्या. आणि कपाळीचे गोंदण? फिल्टरने ते डाग समजून पुसले होते, व यंत्रास ते तेथे होते हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

आम्ही संतापलो. आपल्या चित्रातून चामखिळी गाळू नयेत, असे क्रॉमवेलने लेली या चित्रकारास बजावल्याची आख्यायिका आम्ही घरात दोनदा सांगितली. कोणी ऐकली नाही.

त्याच आवेशात आमची दृष्टी आजोबांच्या तसबिरीकडे गेली, आणि आम्ही जरा खाली बसलो. आजोबा पारनेर तालुक्यात शाळामास्तर होते. ते वारले तेव्हा घरात त्यांचे स्वतंत्र चित्र नव्हते. शाळेच्या समूहचित्रातील नखाएवढे डोके मोठे करून, खाली कुंचल्याने बंद गळ्याचा काळा कोट रंगवून घेतला होता. त्या काळी ही सर्रास रीत होती. काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवीत, गालांवर लाली चढवीत, हौसेने नथही घालीत. मातोश्री त्या तसबिरीस रोज हार घालीत आणि म्हणत, "मामंजींनी उभ्या जन्मात कोट घातला नाही हो! हे त्यांचे कोणी सावत्र भाऊ दिसतात."

हा दाखला आपल्या बाजूचा, असे समजून आम्ही तो अक्कांपुढे टाकला. तोच कन्या हळूच म्हणाली, "पण आजीला तो फिल्टर आवडला होता. 'अगं, तुझ्या बापाच्या मुंजीत मी अशीच होते,' म्हणाली."

यावर काय बोलावे? अक्कांस आजारापूर्वीची आई हवी होती, कन्येस हसलेली आजी. आम्हांस गोंदण हवे होते. आम्ही सत्याचा पक्ष घेतला होता म्हणतो, पण तोही हट्टच होता.

अखेरीस कन्येने खणातला जुना मोबाइल काढला. दोन तास विजेवर ठेवल्यावर तो जागा झाला, आणि त्यात मूळ छायाचित्र जसेच्या तसे सापडले: ४००० बिंदू उंच, ३००० रुंद, १६ इंचांस इंचामागे २५० बिंदू. (मोबाइल मोडीत काढण्याची घाई करू नये, एवढा उपदेश वाचकांनी सोसावा.) आधी केवळ चेहऱ्याचा तुकडा ठरल्या मापात घरच्या यंत्रावर ए-फोर कागदावर छापून पाहिला. डावा गाल सावलीत होता, तेथे थोडा उजेड दिला. यापलीकडे हात लावला नाही. मग पूर्ण चित्र चकाकी नसलेल्या कागदावर नगरातून छापून आणले. फिल्टरचे चित्र ४ बाय साडेपाच इंचांत उत्तम उतरले. ते कन्या पुण्यास घेऊन गेली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अक्का तसबिरीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. "थकलेली दिसते रे," म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला, अगदी जवळ गेल्या आणि काचेवरूनच गोंदणावर बोट ठेवले. शेजारी आजोबा कोट घालून पाहत होते.