मित्राचा डाव

स्वतः खेळणाऱ्याच्या हातात निदान पत्ते तरी असतात. दुरून त्याच्या यशाची वाट पाहणाऱ्याच्या हाती काहीच नसते. २०२४ च्या जुलै महिन्यात हा अनुभव मी पुरेपूर घेतला. माझा एक बालमित्र गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात नोकरी करतो. लास वेगास येथे दरवर्षी भरणाऱ्या पोकरच्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धेत तो त्या वर्षी उतरला, आणि त्याची खबरबात पुण्यात राहणाऱ्या त्याच्या आईला कळविण्याचे काम माझ्याकडे आले.

पोकर हा आपल्या दिवाळीतील तीन पत्तीचा दूरचा आप्त. या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला दोन पाने पालथी मिळतात आणि मध्ये पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. बाकी सारा कारभार हिशेब, धीर आणि समोरच्याच्या मनाचा ठाव घेणे यांवर चालतो. १९७० साली बेनी बिनियन नावाच्या एका कॅसिनोमालकाने आपल्या ‘हॉर्सशू’मध्ये मूठभर खेळाडूंना जमवून ही मालिका सुरू केली. २००३ साली टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील एका लहानशा स्पर्धेतून प्रवेश मिळवून तेथे आला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लक्ष डॉलर घेऊन गेला. तेव्हापासून जगभरच्या नोकरदारांना आपणही तेथे जावे असे वाटू लागले. माझ्या मित्राच्या वर्षी १०,११२ जण उतरले होते.

प्रवेशमूल्य १०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे आपले सुमारे आठ लाख रुपये. त्याच्या बदल्यात ६०,००० चिप्स मिळतात. या रंगीत चकत्यांचे पैसे करून घेता येत नाहीत. त्या संपल्या की खेळाडू उठला. शेवटी सुमारे पंधरा टक्के लोकांना बक्षीस मिळते. उरलेले रिकाम्या हाताने परततात.

लास वेगासची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. दोहोंत साडेबारा तासांचे अंतर. दर दोन तासांनी खेळाला सुटी होई आणि माझ्या फोनवर मित्राकडून एक आकडा येई. पहिला दिवस संपला तेव्हा १,१२,०००. दुसऱ्या दिवशी २,४०,००० पर्यंत चढून तो ९०,००० वर घसरला आणि पुन्हा सावरला. त्या आकड्यामागे त्याने कोणती पाने टाकली, कोणाच्या डोळ्याला डोळा भिडविला, यातले काहीच मला दिसत नव्हते. वैद्याने रोगी न पाहता नुसता तापाचा तक्ता पाहावा, तशी माझी स्थिती होती.

सकाळी मी काकूंकडे जाई. पत्त्यांचे नाव काढलेले त्यांना खपत नसे, आणि त्याला कारणही तसेच होते. त्यांचे धाकटे दीर रेसच्या नादाने घरातील दागिन्यांपर्यंत पोहोचले होते. “हरून आले की दर वेळी एकच बोलायचे,” त्यांनी मला सांगितले, “‘वहिनी, पुढच्या खेपेला सगळं भरून काढतो.’” मी त्यांना समजावू पाही की, हा पैसा त्याने तीन वर्षे वेगळा साठविला आहे, कर्ज काढलेले नाही, या खेळात कौशल्य आहे. १९८२ साली जॅक स्ट्रॉसपाशी एकच चिप उरली असता तो जिंकला, ही गोष्टही मी मोठ्या उत्साहाने सांगितली. काकू म्हणाल्या, “भाऊजीही अशाच गोष्टी सांगायचे.” त्यावर मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी, आपल्याकडे सकाळचे सात वाजता, आकड्याऐवजी दोन शब्द आले: “संपलो रे.” बक्षिसाची रेषा अजून दूर होती. मी लगेच फोन केला; उत्तर नाही. आठ वाजले, नऊ वाजले. स्पर्धेचे दालन कॅसिनोच्याच इमारतीत असते आणि बाहेर पडताना रात्रंदिवस उघडी असलेली जुगाराची टेबले वाटेत लागतात. नियमाने त्याला एका टेबलावरून उठविले होते. दुसऱ्या टेबलावर बसण्यास मात्र कोणीच अडविणार नव्हते. त्या तीन तासांत मला जॅक स्ट्रॉस आठवला नाही. काकूंचे दीर आठवले.

दहानंतर फोन आला, तो विमानतळावरून. त्याच्या हाती दोन एक्के होते, समोरच्याच्या हाती दोन राजे. सर्व चिप्स मध्ये गेल्या आणि मग मधल्या पाच पानांतले शेवटचे पान राजा निघाले. असा सामना शंभर वेळा झाला तर ऐंशीहून अधिक वेळा एक्के जिंकतात. “तीच पाने पुन्हा आली तर पुन्हा असाच खेळेन,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात दुःख होते, तक्रार नव्हती. “इतका वेळ कुठे होतास?” मी विचारले. “रस्त्याने चालत होतो. त्या इमारतीत थांबायचं नव्हतं. सोमवारी कामावर जायचंय.”

निर्णय बरोबर असूनही फळ वाईट मिळू शकते, हे हा खेळ रोख पैसे मोजून शिकवितो. आपण सारेच माणसाला त्याच्या निकालावरून तोलतो, कारण निकाल दिसतो आणि निर्णय दिसत नाही. पण खेळाडू आणि जुगारी यांतला भेद मला दोन एक्क्यांच्या हिशेबात सापडला नाही. हिशेब जुगाऱ्यालाही येतो. हरल्यावर दैवाकडे आपली काही बाकी राहिली आहे असे ज्याला वाटते, तो वसुलीसाठी पुन्हा बसतो. ज्याला तसे वाटत नाही, तो घरी जातो.

दुपारी काकूंना सारे सांगितले. एक्के, राजे, ऐंशी टक्के यांकडे त्यांनी लक्ष दिले नाही. आठ लाख गेले म्हणून क्षणभर कपाळाला हात लावला. मग त्यांनी विचारले, “हरल्यावर लगेच बाहेर पडला?”

“लगेच.”

“भरून काढतो म्हणाला का?”

“नाही.”

“मग जाऊ दे पैसे,” काकू म्हणाल्या, आणि तीन दिवसांत प्रथमच त्यांनी मला चहा विचारला.