कबुलीनंतरचं काय, बॉस?

बीएल मांगा वाचणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. दीडशे पानं नुसतं बघणं, लाजणं, एका छत्रीतून चालणं. आणि शेवटच्या दहा पानांत कबुली, मिठी, समाप्त! बीएल म्हणजे ‘बॉइज लव्ह’, दोन मुलांच्या प्रेमाच्या जपानी चित्रकथा. काढणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बऱ्याचशा बायकाच. सक्करदऱ्यात मात्र वाचतो मी आणि माझा ‘रूममेट’.

रूममेट हा शब्द घरमालकांसाठी. तुम्हाला कळलंच असेल.

गंमत म्हणजे या प्रकाराचं जुनं नावच आपली खोड सांगून टाकतं. ‘याओई’ हा शब्द सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हौशी चित्रकारांनी स्वतःचीच टर उडवत जुळवला. यामा नाशी, ओची नाशी, इमी नाशी. ना चढ, ना शेवट, ना अर्थ. घाईमागे धंद्याचा फंडाही आहे. मासिकात पाच-सहा प्रकरणं, त्यांचं एक पुस्तक, ते खपलं तर पुढचा भाग. मग शेवट आधीच बांधून ठेवावा लागतो.

पण नात्सुकी किझूच्या ‘गिव्हन’ला ही सबब चालत नाही. २०१३ ते २०२३, चांगली दहा वर्षं. त्यातल्या माफुयूचं दुःख तिनं इतकं सावकाश उलगडलंय की माझे डोळे ओले झाले. आणि अकिहिको? हारुकीला जबर दुखावतो, मग त्याच्याच घरी राहायला येतो आणि बघता बघता सुधारतो. कसा सुधारला, हे मला बघायचं होतं ना! आपल्या सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) पेइंग गेस्टला नावसुद्धा नाही, तरी तो अर्धवट वाटत नाही. कारण ती गोष्ट मागे राहिलेल्यांची आहे.

मला पुढची पानं का हवी असतात? गेल्या पावसाळ्यात याला डेंगी झाला. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘पेशंटशी नातं’ असा रकाना. मी ‘मित्र’ लिहिलं. काउंटरवरची ताई म्हणाली, ‘‘दादा, घरचं कोणी आणा ना.’’ वर्ध्याहून त्याचा मोठा भाऊ येईपर्यंत मी बाकावर बसून. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये आमच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, २०२३ मध्ये लग्नाच्या हक्काला नाही म्हटलं. म्हणजे आमचीही गोष्ट कबुलीपर्यंतच आलेली.

‘‘हे दोघं भाडं कसं भरून राहिले, ते काहून नाही दाखवत बे?’’ हा विचारतो.

दाखवतात की! फुमी योशिनागाची ‘किनो नानी ताबेता’, म्हणजे ‘काल काय जेवलास’, २००७ पासून सुरू आहे. ती छापून येते पुरुषांच्या साप्ताहिकात, त्यामुळे कट्टर वाचक तिला बीएल मानायला कुरकुरतात. कुरकुरू देत. वकील शिरो आणि हेअरड्रेसर केंजी, चाळिशीतले. वर्षं सरतात तसे तेही वयानं वाढतात. आईवडील थकतात, किराण्याचा हिशोब होतो, रोज रात्री स्वयंपाक होतो. शिरो इतका काटकसरी की अख्खं कलिंगड परवडेना म्हणून एका अनोळखी बाईबरोबर अर्धं-अर्धं घेतो.

आमच्या साहेबांना हे फारच पटलं. बुधवार बाजारातून भलंमोठं टरबूज आणलं आणि अर्धं खालच्या काकूंना विकायला गेले. काकूंनी पैसे दिले नाहीत, पण वाटीभर झुणका दिला.