सांगितलेलं गाणं

एरिख म्यूझाम, अराजकवादी कवी, तुझ्या मरणाची सरकारी हकिगत खोटी आहे. तिच्यातली तारीख तेवढी खरी : १० जुलै १९३४. ओरानिएनबुर्गच्या नाझी छळछावणीनं जाहीर केलं की कैदी म्यूझामनं गळफास लावून घेतला. पण बरोबरच्या कैद्यांना तू आधीच बजावून ठेवलं होतंस : मी स्वतःहून जीव देणार नाही, तसं काही कानावर आलं तर विश्वास ठेवू नका. त्यांनी ठेवला नाही. त्यांतले जे सुटून सीमेपलीकडे पोचले, त्यांनी ते जगाला सांगितलं. तू गेलास, पण तुझं मरण मारेकऱ्यांच्या शब्दांत अडकून पडलं नाही.

तुझ्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालायचा खटाटोप लहानपणापासूनच चालला होता. जन्म बर्लिनचा, १८७८ सालचा, वाढलास ल्यूबेकमध्ये. वडील औषधविक्रेते, ज्यू, शिस्तीचे आणि हाताचे कडक. मुलगा कविता लिहितो हे त्यांना घराण्याला लागलेलं दुखणं वाटे, आणि त्यावर मार हा त्यांचा इलाज. शाळा तीच, जिच्या बाकांवर हाइनरिख आणि टॉमस मान हे भाऊ बसून गेले होते. तिथल्या आतल्या गोष्टी तू समाजवादी वृत्तपत्राला कळवल्यास आणि शाळेनं तुला काढून टाकलं. मग औषधांच्या बाटल्यांमध्ये उमेदवारीची वर्षं. वडिलांची इच्छा तू तेवढी पाळलीस. १९०० साली बर्लिन गाठलंस आणि लवकरच औषधांचं दुकान कायमचं सोडून दिलंस.

बर्लिनमध्ये तुला गुस्टाव लांडाउअर भेटला. वयानं थोडा मोठा, मित्र आणि गुरूही. राज्यसंस्था म्हणजे माणसांनी एकमेकांशी वागायची एक रीत आहे, आपण वेगळं वागू लागलो की ती ढासळते, हे त्याचं म्हणणं तू आयुष्यभर वागवलंस. तरी तुझा अराजकवाद पुस्तकातून आलेला नव्हता. तो कॅफेतल्या टेबलांवरून, कॅबरेच्या रंगमंचावरून, उधारीवर प्यायलेल्या बिअरमधून आणि रात्री आसरा शोधत हिंडणाऱ्या माणसांच्या सोबतीतून आला. स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाच्या टेकडीवर शाकाहारी, निसर्गपूजक मंडळींनी नवं जग मांडलं होतं. तिथंही तू राहून आलास. त्या निर्मळ मंडळींत तुझं मन रमलं नाही. ही जागा भटक्यांना, तुरुंगातून सुटलेल्यांना, ज्यांना कुठंच थारा नाही त्यांना मिळावी, असं तुला वाटत होतं.

मला तुझ्याकडे ओढून नेणारी गोष्ट हीच आहे. त्या काळच्या जर्मनीत कामगारांचा पक्ष होता आणि तो युरोपात सर्वांत बलाढ्य होता. पण कामगारच नसलेल्यांचं काय? चोर, वेश्या, दारुडे, रस्त्यावर झोपणारे? शिस्तशीर समाजवादी त्यांच्याकडे क्रांतीतला गाळ म्हणून बघत. तू म्युनिकला आलास आणि त्यांच्या गुत्त्यांमध्ये जाऊन बसलास, त्यांच्याशी बोललास, त्यांना संघटित करायला निघालास. १९१० साली त्याबद्दल तुझ्यावर गुप्त मंडळी चालवल्याचा खटला भरला. त्यातून निर्दोष सुटलास, पण वृत्तपत्रांची दारं बंद झाली. म्हणून पुढच्याच वर्षी तू स्वतःचं मासिक काढलंस. ते बहुतेक एकट्यानंच लिहिलंस आणि नाव ठेवलंस ‘काइन’. बायबलमधला तो शापित भाऊ, ज्याला कुणी जवळ करत नाही. नावाखालची ओळ सांगत होती की हे माणुसकीचं मासिक आहे.

१९०७ ची तुझी ती दिवे पुसणाऱ्या माणसाची कविता जर्मन लोक अजून गातात. हा गृहस्थ क्रांतिकारकांबरोबर छाती काढून निघतो. पण रस्ता अडवायला गॅसचे खांब उपटायची वेळ येते तेव्हा कळवळून म्हणतो, माझ्या दिव्यांना हात लावू नका. शेवटी तो घरी जातो आणि दिवेही पुसत राहायचे व क्रांतीही करायची, ती कशी, यावर पुस्तक लिहितो. कविता तू जर्मन सोशल डेमोक्रसीला, म्हणजे त्याच कामगारांच्या पक्षाला, अर्पण केलीस. सात वर्षांनी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, त्या पक्षानं महायुद्धाच्या कर्जाला मत दिलं.

आणि त्याच ऑगस्टमध्ये तूही डगमगलास. हे गाळून तुझ्यावर प्रेम करता येणार नाही. ‘काइन’ बंद करताना तू लिहिलेल्या निवेदनात देशभक्तीचा सूर लागला, सोबत्यांनी तुला फटकारलं, आणि तुला त्याची मनस्वी लाज वाटली. लवकरच तू सावरलास आणि पुढची वर्षं युद्धाविरुद्ध माणसं जोडत राहिलास. सक्तीची युद्धसेवा नाकारलीस म्हणून १९१८ मध्ये त्यांनी तुला ट्राउनश्टाइनला नेऊन डांबलं.

मग नोव्हेंबर आला. म्युनिकचे सैनिक बराकींतून बाहेर पडले, राजा पळाला. १९१९ च्या एप्रिलमध्ये बव्हेरियात कामगार-सैनिकांच्या कौन्सिलांचं प्रजासत्ताक जाहीर झालं. त्यात पुढं होते लांडाउअर, नाटककार एर्न्स्ट टोलर आणि तू. कवींच्या हाती सत्ता आली म्हणून लोक हसले, अजून हसतात. मला हसू येत नाही. भुकेल्या, हरलेल्या, युद्धानं पिळून निघालेल्या शहरात काही दिवस तरी विश्वास बसला होता की हुकूम देणाऱ्यांवाचूनही जगता येईल. सहाच दिवसांत, १३ एप्रिलला, प्रतिक्रांतिवाल्यांनी तुला पकडून नेलं. त्या अटकेनंच तुझा जीव वाचला, कारण मे उजाडताच सैन्य म्युनिकमध्ये शिरलं. २ मे रोजी श्टाडेलहाइमच्या तुरुंगात सैनिकांनी लांडाउअरला बडवून, गोळ्या घालून मारलं.

तुला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली साडेपाच भोगलीस, बरीचशी नीडरशोननफेल्डच्या तुरुंगात. तिथं कानांनी आणि काळजानं दगा दिला. तिथंच आउगुस्ट हागेमाइस्टर नावाचा सोबती औषधपाण्यावाचून मेला. वह्या जप्त होत, तू नव्या सुरू करत होतास. १९२४ च्या डिसेंबरात सुटलास. त्याच महिन्यात लान्ड्सबेर्गच्या तुरुंगातून हिटलर सुटला. पाच वर्षांची शिक्षा, आणि ती सुनावल्यावर त्यानं एक वर्षही पुरतं काढलं नव्हतं.

बर्लिनमध्ये ब्रिट्स भागातल्या, घोड्याच्या नालेच्या आकारात बांधलेल्या वसाहतीत तू घर केलंस. ‘फानाल’ नावाचं मासिक काढलंस. राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी गावोगाव बोलत फिरलास. कम्युनिस्ट पक्षात तू पूर्वी काही आठवडे राहून बाहेर पडला होतास; आता कैद्यांसाठी त्यांच्याबरोबर काम केलंस आणि त्यांना टोकायचंही थांबला नाहीस. नाझी येणार, हे तू ओरडून सांगत होतास. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइखश्टाग हे संसदभवन जळलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुझ्या दारावर थाप पडली.

झोननबुर्ग, ब्रांडेनबुर्ग, ओरानिएनबुर्ग. दात पाडले, दाढी ओरबाडली, हातांचे अंगठे मोडले. मग त्यांना तुझा आवाज हवा झाला. मरणाचा धाक घालून त्यांनी तुला नाझींचं हॉर्स्ट व्हेसेल गीत म्हणायला फर्मावलं. तू कामगारांचं ‘इंटरनॅशनल’ म्हटलंस. बघणाऱ्या कैद्यांनी सांगितलेली ही हकिगत मी कितीदा वाचली असेल, आणि दर वेळी एकच विचार मनात येतो : पडलेल्या दातांच्या तोंडून, कानांत आधीच बहिरेपण मुरलेलं असताना, तुला तुझं गाणं स्वतःला तरी ऐकू आलं असेल का?

आता त्सेन्सलबद्दल. तिच्यावाचून तुझी कहाणी अर्धी राहते, आणि बहुतेक जण ती अर्धीच सांगतात. बव्हेरियाच्या खेड्यातली क्रेसेन्त्सिया एल्फिंगर. तुमचं लग्न १९१५ चं. तू बव्हेरियाच्या तुरुंगात असताना ती बाहेर लढली. नाझींच्या काळात ती छावण्यांच्या फाटकांवर उभी राहिली, रक्तानं भरलेले तुझे कपडे धुवायला घरी घेऊन आली. तुला डाह्लेमच्या वनस्मशानात पुरलं त्याच सुमारास ती प्रागला निसटली. तुझे कागद जर्मनीबाहेर काढले आणि पुढं मॉस्कोत नेऊन ठेवले, कारण तिथं ते छापले जातील असं तिला वचन मिळालं होतं. १९३५ मध्ये तिनं तुझ्या छळाची हकिगत पुस्तिका करून छापली. १९३६ मध्ये तिला अटक झाली. ज्या राज्याच्या हाती तिनं तुझे शब्द विश्वासानं दिले, त्यानंच तिला लोकशत्रू ठरवलं. तुरुंग, श्रमछावणी, सुटका, पुन्हा अटक, हद्दपारी. पूर्व बर्लिनला ती परतली तेव्हा १९५५ साल उजाडलं होतं आणि तिची सत्तरी उलटली होती. १९६२ मध्ये ती गेली.

तुझा अराजकवाद तिथल्याही राज्याला सोसवत नव्हता, म्हणून तुझं निवडक तेवढंच छापलं जाई. तुझ्या उरलेल्या रोजनिशा, १९१० ते १९२४ या काळातल्या, पूर्ण छापायला २०११ साली सुरुवात झाली. पंधरावा, शेवटचा खंड २०१९ मध्ये निघाला. त्यांत प्रेमप्रकरणं आहेत, उसनवाऱ्या आहेत, बुद्धिबळाचे डाव आहेत, वडिलांवरचा न निवळलेला राग आहे, क्रांतीची घाई आणि तुरुंगातल्या ताटाची तक्रार आहे. कुणाच्या संमतीची वाट न पाहता बोलणारा माणूस त्यांत पानोपानी भेटतो. काही वह्या मात्र मॉस्कोत हरवल्या त्या हरवल्याच. ज्यांनी त्या चाळल्या आणि परत दिल्या नाहीत, त्यांच्याकडे त्सेन्सल त्या मागत राहिली होती. त्या अजूनही मागितल्या पाहिजेत, एरिख, तिच्या नावानं.