तूप विचारून

माणसाने कॉलेजात जरूर शिकावे, पण ते नातेवाइकांना कळू देऊ नये! एकदा कळले की अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे मजकूर आपल्याच गळ्यात पडतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या गळ्यात मामाच्या हॉटेलची पाटी पडली.

हॉटेल म्हणजे कपिलधारच्या वाटेवरचे पत्र्याचे छप्पर, चार बाकडी आणि मामीची चूल. मांजरसुंब्याजवळच्या या डोंगरकपारीत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला येथे दुरदुरून दिंड्या येतात, तर पावसाळ्यात धबधबा पाहणाऱ्यांची रीघ लागते. मामाच्या चुलीवर मांस-अंडे कधी शिजलेच नाही. त्यामुळे आपल्याइतके शुद्ध कोणीच नाही, अशी त्याची खात्री!

त्या खात्रीला एका रविवारी धक्का बसला. पुण्याहून आलेल्या एका मुलीने विचारले, “व्हीगन काही मिळेल?” मामा माझ्याकडे पाहू लागला. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रचारात आणलेला हा शब्द. जनावराचे काहीच घ्यायचे नाही. दूध, दही, तूपसुद्धा नाही. मी मामाला हे सांगत होते तोवर मामीने पिठलं-भाकरी वाढली आणि पाहुणीचा मान म्हणून भाकरीवर तुपाची धारही सोडली. मुलगी अवघडली. “काकू, मला हे चालत नाही हो,” ती हळूच म्हणाली. मामीने ताट उचलले, दुसरे वाढले. पण तिचा उतरलेला चेहरा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

“असल्या पाव्हण्यांसाठी येगळी पाटी लिहून दे,” मामाने फर्मान काढले.

मी वही घेऊन बसले. सोयाबीनचे दूध, अमके सूप, तमके सॅलड... पण ते कपिलधारला आणायचे कोठून? शेवटी आजीला विचारले, “दुधातुपाशिवाय काय काय करता येतं गं?”

आजी हसली. “दूधतूप होतंच कुठं आमच्याकडं? बहात्तरच्या दुष्काळात म्हैस इकली. खडी फोडायची, मिलोची लाल भाकरी खायची, वर कोरा चहा.”

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलातले पिठले, अंबाडीची भाजी, हुलग्याचे शेंगोळे, कारळाची आणि जवसाची चटणी. कढीऐवजी चिंचेचे सार. धपाट्यांबरोबर दह्याच्या जागी शेंगदाण्याची चटणी. सणाची पुरणपोळी येळवणीच्या आमटीशी. आणि कोरा चहा, लिंबू पिळून. पाटी भरली की!

वर झोकात ‘खास व्हीगन थाळी’ असे लिहून मी आजीला सगळे वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “हे तर आमचं नाइलाजाचं खाणं. पाव्हणा आला की ताट झाकून ठिवायचो आम्ही. अन् आता लोक याला पैसे देणार?”

मला उत्तर सुचले नाही. ताट तेच, पण म्हैस विकावी लागली म्हणून आजीने दूध सोडले, आणि म्हशीला त्रास नको म्हणून त्या मुलीने. न मिळणे आणि न घेणे यांत केवढे अंतर! आणि या दोन टोकांच्या मध्ये उभी होती माझी मामी, हातात तुपाची वाटी घेऊन. घरात तूप आले ते उशिरा. म्हणूनच तिच्या लेखी ती नुसती चव नव्हती, पाहुण्याला दिलेला मान होता. तो मान मी एका पाटीने पुसून टाकत होते.

मी ‘खास व्हीगन’ खोडले. ‘आजीची थाळी’ असे लिहिले आणि सर्वांत खाली एक ओळ घातली : ‘तूप विचारून वाढले जाईल.’

मामीला ती ओळ पटली नाही. “वाढताना कुणी इचारतं का?” ती पुटपुटली. पण विचारू लागली.

कार्तिकी यात्रेत दिंडीतले एक आजोबा जेवायला बसले. मामीने वाटी हातात धरून विचारले, “तूप वाढू का?”

आजोबांनी पाटीकडे पाहिले, मग मामीकडे. म्हणाले, “इचारतीस काय माय, सोड की धार!”

पावसाळ्यात उतरलेला मामीचा चेहरा त्या दिवशी खुलला.