रोह्याची जमीन आणि बीजिंगचा हिशोब

चीनच्या परराष्ट्र धोरणावर कुठे भाषणाला गेले की श्रोत्यांचे प्रश्न ठरलेले असतात. आधी लडाख, मग पाकिस्तान आणि दिवाळी जवळ आली असेल तर चिनी माळांवरचा बहिष्कार. प्रश्न चुकीचे नसतात. पण ज्यांना हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे त्यांना मी रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडे पाहायला सांगते. माझं माहेर रोह्याचं, हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं की चीनशी आपला जो रोजचा व्यवहार चालतो, तो या दोन तालुक्यांत जितका उघडा दिसतो तितका दिल्लीतल्या चर्चासत्रांत दिसत नाही.

एप्रिल २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, शी जिनपिंग यांनी पक्षाच्या आर्थिक समितीपुढे एक भाषण केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते ‘छिउशी’ या पक्षाच्या नियतकालिकात छापून आलं. मुद्दा सरळ होता. जगाच्या उत्पादनसाखळ्या चीनवर आणखी घट्ट अवलंबून ठेवायच्या, म्हणजे उद्या कोणी चीनचा पुरवठा तोडायला निघालं तर त्याला उलट धाक घालता येईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चीनच्या परराष्ट्र धोरणाबद्दल मी जे वाचलं, त्यात याहून महत्त्वाचं काही मला आढळलं नाही. कारण जे आधी तुकड्यातुकड्यांनी चाललं होतं ते इथे धोरण म्हणून मांडलं गेलं. २०१० मध्ये जपानशी बेटांवरून वाद पेटला तेव्हा दुर्मिळ मृदा धातूंचा पुरवठा अडला. त्याच वर्षी चिनी लोकशाहीवादी लेखक ल्यू शिआओबो यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि ते जिथून दिलं जातं त्या नॉर्वेशी संबंध सहा वर्षं गोठले. भाषणाच्याच वर्षी, २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची चौकशी मागितली, तर तिथल्या बार्लीवर आणि पाठोपाठ वाइनवर जबर कर बसला. आपल्यालाही हा अनुभव आला आहे. जर्मन कंपनीने चीनमध्ये बनवलेली बोगदा खोदण्याची यंत्रं भारतासाठी निघाली ती अडकून पडली, आणि एप्रिल २०२५ मधल्या निर्बंधांनंतर आपल्या वाहन कारखान्यांना दुर्मिळ मृदा धातूंची चुंबकं मिळेनात.

आता धाटावला येऊ. रोह्याजवळच्या या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्यं, कीटकनाशकं बनतात. तिथल्या एका कारखान्यात खरेदी सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावरचं कॅलेंडर मी पाहिलं आहे. त्यावर गणपती-दिवाळीइतकाच ठळक गोल चिनी नववर्षाभोवती असतो. त्या सुटीत तिकडचे कारखाने दोन-तीन आठवडे थंड पडतात, म्हणून जानेवारीपर्यंत इंटरमीडिएटचे, म्हणजे औषध बनण्याआधीच्या मधल्या रसायनांचे, ड्रम गोदामात भरून ठेवायचे. ड्रमवर चिनी अक्षरांची पट्टी, खाली बॅच नंबर, वजन, निघाल्याच्या बंदराचं नाव. न्हावाशेव्याला कंटेनर उतरतो आणि पेण, वडखळ, नागोठणे करत माल धाटावला पोचतो. “तिकडे सुटी लांबली की इकडे आमची झोप उडते,” असं ते म्हणाले. त्यांच्या या एका वाक्यात परावलंबनाची व्याख्या आहे.

हे परावलंबन आपण हळूहळू ओढवून घेतलं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. नंतर चीनने प्रचंड क्षमतेचे कारखाने उभारले, त्यांना प्रांतिक सरकारांचा आधार मिळाला, आणि पेनिसिलिन-जी इतक्या कमी भावात आलं की आपल्याकडचं उत्पादन बंद पडत गेलं. आज औषधांच्या आयात कच्च्या मालापैकी साधारण दोन तृतीयांश ते सत्तर टक्के माल एकट्या चीनचा असतो. आपण जगाला स्वस्त गोळ्या पुरवतो आणि त्या गोळ्यांचा गाभा तिकडून आणतो.

त्या कमी भावात एक खर्च धरलेला नव्हता. तो तिकडच्या नद्यांनी सोसला. २०१७ च्या सुमारास चीनने प्रदूषण करणाऱ्या रसायन कारखान्यांवर कारवाईचा सपाटा लावला. मार्च २०१९ मध्ये जिआंग्सू प्रांतातल्या श्यांगश्वे इथे रसायन कारखान्यात स्फोट झाला, ७८ माणसं गेली, आणि कारवाई आणखी कडक झाली. तिकडचं उत्पादन घटलं तशी भारतीय रसायन उद्योगाकडे मागणी वळली. कारखानदारांना ते सुगीचे दिवस वाटले, आणि ते खोटंही नव्हतं. पण जी रसायनं बीजिंगला आपल्या नद्यांकाठी नकोशी झाली, ती रोह्याच्या कुंडलिका नदीकाठी बनवायची का आणि कोणत्या अटींवर, याची चर्चा तेव्हा व्हायला हवी होती. ती झाली नाही.

हाच प्रश्न पुढे जमिनीच्या रूपाने आला. मार्च २०२० मध्ये केंद्राने चीनवरचं अवलंबन कमी करण्यासाठी तीन बल्क ड्रग पार्कची, म्हणजे औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या वसाहतींची, ३,००० कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्राने त्यासाठी जागा सुचवली ती रोहा आणि मुरुड तालुक्यांत. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राची पसंती हिमाचल, गुजरात आणि आंध्रला मिळाली, मग राज्यात प्रकल्प पळवल्याचा राजकीय गदारोळ झाला. त्या गदारोळात गावकऱ्यांचं म्हणणं पार बुडालं. त्यांना देशहिताच्या आड येणारे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. धाटावच्या शेजारी राहून नदीचं काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. मात्र पेनिसिलिनचा गाभा आयातच करत राहायचा, हेही मला मान्य नाही. चीनला उत्तर द्यायचं तर असे कारखाने कुठे तरी उभे राहणारच, आणि जिथे उभे राहतील तिथल्या लोकांना जमिनीचा रास्त मोबदला, नुसतं वाजत-गाजत उद्घाटन झालेलं नव्हे तर खरोखर चालणारं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि घरच्या मुलांना पक्की नोकरी मिळालीच पाहिजे. हा खर्च देशाच्या संरक्षणखर्चासारखाच मानायला हवा. तो आपण आजवर मानला नाही.

पेणमध्ये चित्र उलट आहे. तिथे चीन माल अडवत नाही, ओततो. चीनमधला घरबांधणीचा धंदा २०२१ पासून कोसळला, पोलादाची तिकडची मागणी घटली, पण भट्ट्या बंद केल्या तर रोजगार जातो म्हणून प्रांतिक सरकारं त्या चालू ठेवतात. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून जास्त पोलाद निर्यात केलं. पेण तालुक्यात धरमतर खाडीवर असलेल्या डोलवीच्या जेएसडब्ल्यू पोलाद कारखान्याची वार्षिक क्षमता एक कोटी टन. म्हणजे डोलवीसारखे अकरा कारखाने वर्षभर फक्त परदेशी पाठवण्यासाठी चालले, असा तो आकडा. एप्रिल २०२५ मध्ये भारतात सपाट पोलादाच्या आयातीवर १२ टक्के सुरक्षा शुल्क लागलं ते या लाटेमुळे.

आणि पेणचे गणपती? जून २०२० मध्ये, गलवानच्या चकमकीनंतर काही दिवसांत, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गणेशमूर्तीसुद्धा चीनमधून का आणायच्या, असा सवाल केला आणि पेणचं नाव चर्चेत आलं. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या मूर्ती-कारखान्यांत जाऊन पाहा. माती आपल्याकडची, साचे तिथलेच, डोळ्यांची आखणी करणारा हात तिथलाच. चिनी असेल तर मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारातून आलेले खडे आणि टिकल्या. त्या खड्यांवर बहिष्कार घालून बीजिंगच्या हिशोबात काही फरक पडत नाही. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारतूट ९९ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ती यंत्रांची, इलेक्ट्रॉनिक्सची, रसायनांची तूट आहे.

भारत आणि चीन यांच्या बरोबरीचा प्रश्न रोह्याच्या एका माणसाने आठ दशकांपूर्वी जवळून पाहिला होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. तिथे ठरत असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतला वाटा चीनच्या बरोबरीचा असावा, ही भारताची मागणी होती. चँग कै-शेकच्या चीनला ५५ कोटी डॉलरचा वाटा मिळाला, भारताला ४० कोटींचा, आणि त्याबद्दल शिष्टमंडळात नाराजी होती. सोव्हिएत संघ निधीत आला नाही म्हणून पहिल्या पाचांत भारताला जागा मिळाली. आज नाणेनिधीत चीनचा वाटा सुमारे ६.४ टक्के आहे आणि भारताचा २.७५. दोघांतलं हे अंतर परिषदेच्या टेबलावर वाढलं नाही, ते कारखान्यांत वाढलं.

म्हणून रायगडच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यात पुढचा रसायन किंवा औषध प्रकल्प येईल तेव्हा पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होऊ शकते. तिला जा. हा माल बनल्याने चीनमधून येणारं नेमकं काय थांबणार आहे, ते कंपनीला विचारा. सांडपाणी कुठे जाणार आणि ते रोज कोण तपासणार, ते सरकारला विचारा. दोन्ही उत्तरं लेखी मागा.